बेल्ट कुठे मिळेल? : धार-देवासमधील जुन्या ध्वनियंत्रांची आणि त्यांच्या सुट्या भागांची हकीकत

दोन वर्षांपूर्वी उत्सवाच्या आधीच्या साफसफाईत आपल्या मंडळाचे लोखंडी कपाट पूर्ण रिकामे केले गेले. समया, नाटकाचे पडदे, जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे असे एकेक बाहेर येत गेले आणि सगळ्यांत खाली चादरीत गुंडाळलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर निघाला. सोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नऊ स्पूल होते. प्रत्येकावर शाईने लिहिलेली चिठ्ठी होती. एका चिठ्ठीवर मंडळातील एका काकूंचे नाव, खाली "नाट्यगीते, गणेशोत्सव" आणि "सव्वा तास" एवढाच मजकूर होता. काकूंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचे गाणे ऐकलेली माणसेही आपल्यात मोजकीच उरली आहेत.

मी सरकारी नोकरीत असलो तरी शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचे. त्यामुळे "तुम्हीच बघा आता" म्हणून ते धूड माझ्या घरी आले. झाकण उघडले तर आतला रबरी बेल्ट डांबरासारखा वितळून पुलीला चिकटला होता. बाकी यंत्र धडधाकट दिसत होते. प्रश्न एवढाच होता, बेल्ट कुठे मिळेल? त्या प्रश्नामागे फिरताना धार, देवास आणि इंदूरच्या अनेक जुन्या मेकॅनिकांना भेटलो. त्यांच्याशी बोलताना लक्षात आले की आपल्या गावांतल्या गाण्याचा इतिहास आपण गवयांच्या नावांनी सांगतो, तसाच तो सुट्या भागांच्या नावांनीही सांगता येतो. स्मरणिकेसाठी तोच थोडक्यात मांडतो आहे.

चावी, स्प्रिंग आणि सायकलची वॉल ट्यूब

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार एकाच गावात नांदत होते. दरबार आले की गाणे आले. उस्ताद रजब अली खाँ (१८७४–१९५९) यांचे नाव देवासशी कायमचे जोडले गेले आहे. १९५४ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. पण दरबारातले गाणे सगळ्यांच्या वाट्याला येत नसे. ते वाड्या-वाड्यांतून पोहोचवले ते फोनोने.

भारतात ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ साली कलकत्त्यात झाली. गौहरजान यांच्या पहिल्या तबकड्या त्याच मोहिमेतल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडीचा मुख्य माल म्हणजे लाख, आणि ती आपल्याच देशातील जंगलांतून येत असे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूवर साधारण तीन मिनिटे गाणे मावे.

फोनोमध्ये वीज नाही, त्यामुळे बिघडण्यासारख्या गोष्टीही मोजक्याच. सुई, साउंडबॉक्स, स्प्रिंग आणि गव्हर्नर. पोलादी सुई एका बाजूला एक, असा नियम होता. काटकसर म्हणून तीच सुई दहा वेळा वापरणाऱ्यांच्या तबकड्या आज खरखरतात, कारण बोथट झालेली सुई खाच कापत जाते. सुया आजही नव्या मिळतात, तेव्हा ती काटकसर नको.

स्प्रिंग तुटली तर काय करायचे, हे गावातल्या घड्याळजींना ठाऊक होते. स्प्रिंग बहुधा टोकाकडे तुटते. ते टोक तापवून मऊ करायचे, नवे भोक पाडायचे आणि पुन्हा अडकवायचे. दोन-चार इंच कमी झाले तरी तबकडीची एक बाजू सहज निघते. मात्र डब्यात गुंडाळलेली ही स्प्रिंग सुटली तर हात फाडते, म्हणून नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

साउंडबॉक्समध्ये पडद्याभोवती रबराचे कडे असते. ते वाळून दगड झाले की आवाज पत्र्यासारखा येतो. कंपनीचे कडे मिळेनासे झाले तेव्हा मेकॅनिकांनी सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक वॉल ट्यूब कापून बसवली. धारमध्ये एका वाड्यातला फोनो मी पाहिला, त्यात तीच आहे. बसवणारा मेकॅनिक कोण, हे घरातल्या कोणालाच आठवत नाही.

वेग बरोबर आहे की नाही हे पाहण्याचीही एक युक्ती होती. कागदाच्या चकतीवर कडेने ७७ काळ्या रेघा समान अंतरावर काढायच्या, चकती तबकडीवर ठेवायची आणि विजेच्या दिव्याखाली फिरवायची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या की वेग ७८ च्या अगदी जवळ आला समजावे. बऱ्याचशा एलईडी दिव्यांखाली ही युक्ती चालत नाही, कारण ते तसे लुकलुकत नाहीत. जुन्या चोकची ट्यूबलाइट लागते. म्हणजे यंत्र तपासायला लागणारा दिवासुद्धा आता सुट्या भागांच्या यादीत घालायला हवा. विजेची ही ५० आवर्तने वाचकांनी ध्यानात ठेवावीत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

व्हॉल्व्हचे गोत्र

२२ मे १९५५ रोजी आकाशवाणीचे इंदूर केंद्र सुरू झाले आणि माळव्याला स्वतःचा आवाज मिळाला. त्याआधी शॉर्टवेव्हवर दूरची केंद्रे खरखरीतून शोधावी लागत. रेडिओ सिलोन घराघरांत ऐकले जाई. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली. रेडिओ ठेवायला टपाल खात्याचा परवाना लागे आणि त्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागे. काही घरांत ती परवान्याची पुस्तिका अजून आहे, रेडिओ मात्र भंगारात गेला.

त्या काळचे रेडिओ व्हॉल्व्हचे. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. फिलिप्स, बुश, एचएमव्ही, नॅशनल एको ही इतर नावे. व्हॉल्व्ह मात्र सुरुवातीला परदेशी असत, इंग्लंडच्या मलार्डचे किंवा हॉलंडच्या फिलिप्सचे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवायला सुरुवात केली. जुन्या मेकॅनिकांच्या खोक्यात आजही जे व्हॉल्व्ह सापडतात त्यांतल्या पुष्कळांवर 'बीईएल' असे लिहिलेले दिसते.

मी डिप्लोमा केला तोवर व्हॉल्व्ह अभ्यासक्रमातून जवळजवळ गेले होते. ते मी इंदूरच्या एका वृद्ध मेकॅनिककडून शिकलो. ते म्हणाले, "व्हॉल्व्हचं नाव म्हणजे त्याची पत्रिका. वाचता आली की बाजारात फसणार नाही." युरोपी पद्धतीत पहिले अक्षर तापतारेचे. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअरची माळ, 'डी' म्हणजे बॅटरीवरचा. पुढची अक्षरे कामाची. 'सी' म्हणजे ट्रायोड, 'एल' म्हणजे स्पीकरला ताकद देणारा, 'एम' म्हणजे हिरवा डोळा. आकडा ८ ने सुरू झाला तर खाली नऊ पिना. म्हणजे ईसीएल ८२ आणि यूसीएल ८२ हे एकाच कामाचे, पण वेगळ्या गोत्राचे. एकाच्या जागी दुसरा बसतो, पण चालत नाही. उलट, नावे पूर्ण वेगळी असूनही माल एकच असतो. युरोपचा ईएल ८४ तोच अमेरिकेचा ६ बीक्यू ५. ही जोडी माहीत नसल्याने दुकानात माल असूनही रिकाम्या हाताने परतलेली माणसे मी पाहिली आहेत.

'यू' गोत्राचे रेडिओ डीसी विजेवरही चालत. त्यांच्या तापतारा गणपतीच्या दिव्यांच्या माळेसारख्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात. एक गेली की सगळा रेडिओ अंधारात. शिवाय त्यांचा पत्र्याचा सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो, म्हणून मागचे झाकण काढून हात घालू नये.

आज यांतले काय मिळते? गिटारच्या अँप्लिफायरला लागणारे ईसीसी ८३, ईएल ८४, ईएल ३४ हे व्हॉल्व्ह रशियात आणि स्लोव्हाकियात अजूनही नवे बनतात. पण रेडिओचा खास व्हॉल्व्ह ईसीएच ८१, जो आलेले स्टेशन पकडून पुढे देतो, तो आता कोणी बनवत नाही. तो जुन्या साठ्यातूनच मिळवावा लागतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची बुधवार पेठ, आणि आपल्यासाठी इंदूरचा महाराणी रोड अशी ही वारी असते. वारीत शेवटी माल मिळतो तो बहुधा दुकानात नाही, तर दुकान बंद केलेल्या एखाद्या मेकॅनिकच्या घरच्या माळ्यावर.

समाधानाची गोष्ट ही की बंद रेडिओंमध्ये व्हॉल्व्ह फारसा दोषी नसतो. दोषी असतात कंडेन्सर. जुने कंडेन्सर मेण लावलेल्या कागदाचे असत. पन्नास-साठ पावसाळ्यांनंतर ते गळू लागतात. शेवटच्या व्हॉल्व्हच्या आधीचा एक लहानसा कंडेन्सर गळला की त्या व्हॉल्व्हमधून वाजवीपेक्षा जास्त प्रवाह जातो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. काही रुपयांच्या वस्तूमुळे न मिळणारी वस्तू जाते. म्हणून माळ्यावरून काढलेला रेडिओ "चालतो का बघू" म्हणून लगेच प्लगला लावू नये. आधी कंडेन्सर बदलावेत. आजचे पॉलिएस्टरचे कंडेन्सर जुन्यांपेक्षा चांगले आहेत आणि कुठेही मिळतात. फक्त व्होल्टेज पाहून घ्यावे, चारशे किंवा त्याहून वरचे.

आणि ट्रान्सफॉर्मर जळलाच तर? इथे आपला माळवा कामी येतो. विहिरी आणि नळकूप यांचा हा प्रदेश. प्रत्येक तालुक्यात पंपाच्या मोटारी पुन्हा वाइंड करणारे कारागीर आहेत. ईएल ८४ ला समोर सुमारे ५,२०० ओहम हवे असतात आणि स्पीकर ४ ओहमचा असतो. दोन्हींचा भागाकार १,३००, त्याचे वर्गमूळ ३६. म्हणजे एका बाजूला ३६ वेढे तर दुसऱ्या बाजूला १, या प्रमाणात तार गुंडाळायची. देवासच्या एका मोटर वाइंडिंगवाल्याला हा हिशेब समजावला. त्याने जन्मात रेडिओ उघडला नव्हता, पण जळलेल्या गुंडाळीचे वेढे मोजून तसाच ट्रान्सफॉर्मर करून दिला. तो आजही चालू आहे.

जर्मेनियमची मिशी

भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली. रेडिओ टेबलावरून उतरून शेतात, पानाच्या दुकानात आणि एसटीत गेला. एसी १२७, एसी १२८, एसी १८७, एसी १८८ ही नावे त्या वेळच्या मेकॅनिकांना पाढ्यांसारखी पाठ होती.

हे ट्रान्झिस्टर आता दुर्मिळ झाले. त्यांच्या जागी सिलिकॉनचे बसवता येतात, पण जसेच्या तसे नाही. जर्मेनियमला चालू व्हायला साधारण ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. नुसता ट्रान्झिस्टर बदलून आजूबाजूचे रेझिस्टन्स तेच ठेवले तर आवाज चिरका येतो आणि गिऱ्हाईक म्हणते, "पहिल्यासारखा गोडवा नाही राहिला." गोडवा त्या जुन्या ट्रान्झिस्टरबरोबर गेला असे नाही. हिशेब न केल्यामुळे तो गेला.

याच काळातील एएफ ११४ ते एएफ ११७ या मालिकेची एक गंमत आहे. न वापरता ठेवले तरी ते खराब होतात. त्यांच्या धातूच्या टोपीच्या आत कथिलाचे केसासारखे बारीक तंतू आपोआप वाढतात आणि आतल्या भागांना टोपीशी जोडून टाकतात. या ट्रान्झिस्टरला चार पाय असतात आणि चौथा पाय त्या टोपीचा. तो चौथा पाय कापला की पुष्कळदा रेडिओ पुन्हा बोलू लागतो. म्हणजे नवा भाग न घालता, जुन्याचा एक पाय कमी करून दुरुस्ती. धारला एका मित्राच्या वडिलांचा रेडिओ असा कात्रीने दुरुस्त झाला, तेव्हा त्यांना वाटले मी थट्टाच करतो आहे.

मांडवातला अँप्लिफायर

आता उत्सवाचीच गोष्ट. जुन्या यंत्रांमध्ये सगळ्यांत सोपी दुरुस्ती कोणाची, असे विचारले तर मी मांडवातल्या अँप्लिफायरचे नाव घेईन. दिल्लीची आहुजा कंपनी १९४० पासून या धंद्यात आहे. शिकागो रेडिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटवाने यांच्या ध्वनिक्षेपकांनी स्वातंत्र्यलढ्यातल्या सभा गाजवल्या. कर्ण्यामागच्या युनिटचा पडदा फाटला तर तो आजही तालुक्याच्या गावी मिळतो. कारण सरळ आहे. बनवणारा टिकला, मागणी टिकली आणि रचना फारशी बदलली नाही. दरवर्षी गणपती, नवरात्र, लग्ने आणि निवडणुका येत राहतात, म्हणून पडदाही येत राहतो. घरातल्या रेडिओला अशी दरवर्षीची मागणी राहिली नाही, म्हणून त्याचा व्हॉल्व्ह नाहीसा झाला.

इथे धोका न मिळण्याचा नाही, नकलीचा आहे. २ एन ३०५५ हा धातूचा, दोन भोकांचा, पतंगाच्या आकाराचा ट्रान्झिस्टर अनेक जुन्या अँप्लिफायरांत असतो. अस्सल माल १५ अँपिअर आणि ११५ वॅटचा. नकलीवर नाव तेच असते, पण टोपी कापून पाहिली तर आत तांदळाच्या कणीएवढा तुकडा. आरतीच्या वेळी तो जळतो आणि दोष अँप्लिफायरवर येतो. म्हणून खोके भरून स्वस्त माल घेण्यापेक्षा ओळखीच्या दुकानातून चार घ्यावेत. जुन्या बिघडलेल्या अँप्लिफायरमधला काढलेला अस्सल ट्रान्झिस्टर मिळाला, तर तो नव्या नकलीपेक्षा बरा.

स्पूलवरचे गाणे

आता पुन्हा कपाटातल्या टेपरेकॉर्डरकडे येतो. स्पूलचा टेपरेकॉर्डर १९६०–७० च्या दशकांत मोजक्याच घरांत होता, कारण आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी गेलेला कोणी सुट्टीवर येताना घेऊन येई. पण त्या मोजक्या यंत्रांनी मोठे काम केले. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व देवासला आले, इथेच बरे झाले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले तेही इथेच. टेकडीच्या पायथ्याशी असलेले त्यांचे 'भानुकुल' आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातले आहे. त्यांच्या तबकड्या निघाल्या, तशीच रसिकांनी खासगी मैफिलींत केलेली ध्वनिमुद्रणेही मागे राहिली. मोठ्या गवयांच्या बाबतीत कोणीतरी ते जपते. आपल्या मंडळातल्या काकूंचे गाणे जपायला दुसरे कोण येणार?

बेल्टसाठी महाराणी रोडवर गेलो. एका दुकानदाराने फोटो पाहून सांगितले, "भाईसाहब, इसे तो म्यूज़ियम में दे दो." मुंबईच्या ओळखीच्या दुकानातही नकार आला. दरम्यान इंदूरला एका संग्राहकाकडे चालू स्थितीतला दुसरा स्पूल रेकॉर्डर आहे असे कळले. तो स्पूल घेऊन तिथे गेलो. टेप फिरली, आणि काकूंच्या जागी एखादी लहान मुलगी घाईघाईने गावी तसा आवाज आला. तबला तर टपटप पाऊस पडावा तसा. सगळे म्हणाले, टेप खराब झाली. मलाही तसेच वाटले.

पण आपल्या मंडळाचे पेटीवादक सोबत होते. ते म्हणाले, "काकू आयुष्यभर काळी चारमध्ये गायल्या. हे पांढरी सातच्याही किंचित वर आहे." म्हणजे तीन सूर आणि वर थोडे. दुसरा पुरावा चिठ्ठीचा. चिठ्ठीवर सव्वा तास लिहिले होते आणि टेप बासष्ट-त्रेसष्ट मिनिटांत संपली. दोन्ही गणिते एकाच ठिकाणी येत होती. टेप मूळ वेगाच्या सव्वापटीहून थोडी कमी, म्हणजे सुमारे एक पंचमांशाने जास्त वेगाने फिरत होती.

घरी येऊन जुन्या यंत्राची मागची पाटी पुसली. तिच्यावर ११७ व्होल्ट आणि ६० सायकल असे होते. यंत्र अमेरिकेतले. तिथली वीज ११७ व्होल्टची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची. यंत्र आणणाऱ्याने व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर सोबत आणला होता, तोही कपाटात सापडला. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तने बदलत नाही. या यंत्राची मोटर आवर्तनांच्या तालावर फिरते. म्हणून ६० साठी बनवलेले यंत्र देवासच्या ५० वर कायम सावकाश फिरत राहिले. सावकाश टेपवर रेकॉर्ड केले, सावकाशच वाजवले, म्हणून त्या वेळी कोणाला काही जाणवले नाही. नीट वेगाच्या यंत्रावर मात्र सगळे वर चढले. खात्री करायला त्या मुद्रणातली विजेची गुणगुण संगणकावर मोजली. आपल्याकडे ती ५० ची असायला हवी. ती निघाली बरोबर ६० ची.

मी थोडक्यात वाचलो म्हणायचे. बेल्ट शोधतानाच मी पिथमपूरच्या एका खराद कारागिराशी बोलून ठेवले होते. पाटी न वाचता, नुसते यंत्र सावकाश फिरते एवढे पाहून, मी त्याच्याकडून मोठी पुली करून घेणार होतो. तशी पुली बसवली असती तर यंत्र कागदावर बरोबर झाले असते आणि नऊही स्पूल त्याच्यावर चुकीचे वाजले असते. या यंत्राला हवी होती ती जुनीच, 'चुकीची' पुली.

बेल्ट शेवटी मिळाला देवासमध्येच, आणि तोही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नाही. आपल्याकडे पंपांचे कारखाने आहेत, त्यामुळे पंपाच्या सीलचे सामान विकणारी दुकाने आहेत. पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी मोजली, ताण राहावा म्हणून त्यातून थोडी वजा केली आणि त्या मापाचे रबरी ओ-रिंग मागितले. जुना बेल्ट गोल काटछेदाचा होता म्हणून हे जमले. चपट्या बेल्टच्या जागी ते चालत नाही. पुलीवरचे डांबर स्पिरिटने काढायला मात्र दोन रविवार गेले.

मागच्या वर्षी उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी पहिला स्पूल लावला. काकूंचे चिरंजीव आता सत्तरीचे आहेत. ते खुर्ची जवळ ओढून बसले. पहिले नाट्यगीत अर्धे झाले तोवर काही बोलले नाहीत. मग पेटीवादकांकडे पाहून त्यांनी विचारले, "काळी चार?" पेटीवादकांनी पट्टी दाबून मान हलवली. गाण्यानंतर टाळ्या, मग कोणीतरी मुलाला ओरडल्याचा आवाज, आणि काकूंचे बोलणे, "थांबा, पाणी घेते." ते ऐकून मात्र ते उठून बाहेर गेले.

एक विनंती

नऊपैकी सात स्पूल आता संगणकावर उतरवले आहेत आणि मंडळाकडे दोन ठिकाणी ठेवले आहेत. दोन स्पूल जुन्या ॲसिटेटचे आहेत. त्यांची टेप ठिकठिकाणी तुटली आहे, पण ती काचेसारखी सरळ तुटते, ताणली जात नाही. त्यामुळे जोडता येईल. यंदा पावसाळ्यानंतर ते काम घेणार आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशी यंत्रे आणि मुद्रणे असतील. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. यंत्र लगेच विजेला लावू नका. मागच्या पाटीवर लिहिलेले सगळे एका कागदावर उतरवून ठेवा. यंत्र कोणी, कधी, कुठून आणले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच कागदावर लिहा. आणि तुटलेला, वितळलेला, जळलेला भाग टाकून देऊ नका, कारण नव्याचे माप त्याच्यावरूनच घ्यायचे असते. इंदूरजवळ पिगडंबर येथे सुमन चौरसिया यांनी लता मंगेशकरांच्या नावाने ग्रामोफोन तबकड्यांचे संग्रहालय उभे केले आहे. एका माणसाच्या हौसेतून किती जमते याचे ते उदाहरण. आपल्या मंडळाने निदान आपल्या मुद्रणांची यादी करावी.

बंद पडलेले रेडिओही आणून द्या. सगळे चालू होतील असे नाही, पण एकाचे भाग दुसऱ्याला लागतात. उत्सवाच्या दहाही दिवशी संध्याकाळी आरतीनंतर मी मंडळाच्या कार्यालयात बसणार आहे. मल्टिमीटर, स्पिरिट आणि निरनिराळ्या मापांचे ओ-रिंग सोबत असतील.